कप्तानाचा स्वयंपाकी

पातेल्यात थुंकायची कल्पना गोचीडचीच होती.

गोचीड हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तरुणपणी पहिल्याच सिनेमात त्याने भावजयीच्या घरात ठाण मांडून बसलेला, तिच्या जिवावर फुगत चाललेला दीर केला होता. तो त्याने असा रंगवला की थिएटरातून बाहेर पडणारे लोक त्याला गोचीड म्हणायला लागले, आणि नाव चिकटलं तेही गोचिडीसारखंच. पुढे आयुष्यभर त्याने पाजी माणसंच केली. चहाडखोर कारकून, लाळघोटे वकील, सुनेवर डोळा ठेवणारे सासरे. सेटवरची मंडळी त्याला गोचीडकाका म्हणत आणि तो खुशाल ओ देई.

गंमत अशी की लोकांना किळस आणून पोट भरणारा हा माणूस स्वतः कमालीचा किळशा होता. दाराची मूठ कोपराने उघडायचा. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी प्यायचा नाही. सेटवर जेवायची वेळ झाली की घरून आणलेला डबा घेऊन एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा, कारण चार माणसं चावताना दिसली की त्याचा घास फिरायचा. बायको म्हणायची, ह्यांना देवाने नाक दिलं ते फक्त मुरडायला. पण त्या नाकामुळेच त्याला धंद्यातली एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे माणसाच्या पोटात नेमकं कशाने ढवळतं. रक्ताने नाही, मढ्याने नाही. तोंडातून बाहेर आलेली वस्तू पुन्हा अन्नात गेली की ढवळतं.

म्हणून त्या दिवशी तालमीत त्याने पळी उचलली, तिच्यावरून सावकाश जीभ फिरवली, पळी परत कालवणात बुडवली आणि मग इकडेतिकडे बघून पातेल्यात थुंकला. पटकथेत यातलं काहीच नव्हतं. पटकथेत नुसतं 'स्वयंपाकी विष मिसळतो' एवढंच होतं. दिग्दर्शक खुर्चीतून उठला आणि त्याने गोचीडला मिठीच मारली. म्हणाला, काका, विष काय कोणीही टाकेल, ही खरी घाण. लोकांना मळमळलं पाहिजे.

हा दिग्दर्शक वयाने गोचीडच्या मुलाएवढा. अंगावर नेहमी धुवट पांढरा सदरा, बोलणं मधात बुडवलेलं, आणि कातडी गेंड्याची. तो कप्तानावर सिनेमा करत होता.

कप्तान देशातल्या प्रत्येक पोराला पाठ्यपुस्तकातून माहीत होता. बर्फाच्या पठारापलीकडे जायची वाट शोधायला चार सोबती घेऊन गेलेला धाडसी माणूस. वाट सापडली, असं सोबत्यांनी परत येऊन सांगितलं. पण कप्तान परत आला नाही. एका सकाळी तो तंबूत मेलेला सापडला. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. त्याला तिथेच बर्फात पुरला आणि पुढे तो बर्फही सरकून कुठे गेला कोणास ठाऊक. थंडीने गेला, काळजाने दगा दिला, डब्यातलं नासकं खाणं बाधलं की बरोबरच्यांपैकी कोणी गळा आवळला, कोणालाच कळलं नाही. आणि दोन पिढ्या लोक ते न कळणं चघळत बसले होते. कप्तानाचे पुतळे झाले, त्याच्या नावाचे रस्ते झाले. खून झाला असेल तर बरं, असं सगळ्यांनाच मनातून वाटायचं. हृदय बंद पडून मेलेल्या माणसाचा पुतळा जरा बुटका वाटतो.

सिनेमाला खुनी हवाच होता. पहिल्यांदा दिग्दर्शकाने कप्तानाच्या उजव्या हाताला, म्हणजे मोहिमेतल्या दुय्यम अधिकाऱ्याला खुनी केलं. पण त्याचे नातू मोठे वकील निघाले. त्यांची एक तंबी आली आणि दुय्यम अधिकारी एकदम सज्जन झाला. मग डॉक्टर खुनी झाला. डॉक्टरच्या नावाने इस्पितळ चालायचं, तिथल्या मंडळींनी भुवया वर केल्या. नकाशे काढणाऱ्याचे घरचे थेट मंत्र्याच्या ओळखीचे. राहता राहिला स्वयंपाकी. त्याचं कोण आहे, असं दिग्दर्शकाने विचारलं. कोणीच नाही, असं कळलं. झालं, वड्याचं तेल वांग्यावर निघालं. हे सगळं गोचीडला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दिग्दर्शकाने हसत हसत त्याला सांगितलंच होतं. गोचीडही हसला होता. मेलेल्या माणसांची काय अब्रू, असं तो म्हणाला होता.

चित्रीकरण शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या शीतगृहात चाललं होतं. मिठाचा आणि साबणाच्या फेसाचा बर्फ, मध्ये कापडी तंबू, आणि तंबूत ते पातेलं. कालवण खरं होतं. चरबीचं मांस शिजवून केलेलं. एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात ते तसंच दिसलं पाहिजे म्हणून बदलायचं नाही, असा हुकूम होता. शीतगृहातली यंत्रं बंद, वर दिव्यांची धग. परवाचं मांस काल आंबलं आणि आज त्याच्यावर निळसर साय धरली. वास नाकात शिरायचा तो घरी जाऊन अंघोळ केली तरी निघायचा नाही. दिवे लावणारे तोंडाला फडकी बांधून काम करत होते. आणि गोचीडला दर वेळी ती पळी जिभेला लावावी लागायची. लावायच्या आधी पळी पुसून, धुऊन, औषधाच्या पाण्यातून काढून द्यायचे, तरी त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. पण आपल्याच कल्पनेपुढे इलाज नसतो.

अशात एक दिवस दिग्दर्शक त्याला बाजूला घेऊन म्हणाला की एक भानगड झाली आहे. स्वयंपाक्याची मुलगी जिवंत आहे. एका बातमीदाराने तिला शोधून काढलं. ती समुद्राकडच्या एका गावात राहते आणि ती आज इथे येतेय.

गोचीडने विचारलं, तिला माहीत आहे का?

"तिला एवढंच सांगितलंय की तुमच्या वडिलांचं मोठं काम आहे आणि मोठे नट करताहेत," दिग्दर्शक म्हणाला. "त्यात खोटं काय आहे? आज आपण तिच्यासाठी एक छोटासा प्रसंग करू. स्वयंपाकी आजारी कप्तानाला भरवतो. माया, सेवा, डोळ्यांत पाणी."

"असा प्रसंग सिनेमात कुठे आहे?"

"नाहीच. कॅमेरा सुरूच करायचा नाही. ती खूश होऊन घरी जाईल. काका, तुमच्यासाठी काय अवघड आहे?"

गोचीडने नाक मुरडलं, पण नाही म्हणाला नाही. उलट त्याला जरा हायसंच वाटलं. म्हातारीसमोर थुंकायला लागणार नव्हतं.

आली ती म्हातारी म्हणण्यासारखी नव्हतीच. खांदे रुंद, पाठ ताठ, पांढरे केस पोराटोरांसारखे बारीक कापलेले. गावातल्या पोहण्याच्या तलावावर तिने उभी हयात पोहायला शिकवण्यात घालवली होती. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. आवाज असा की शीतगृहाच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाच्या माणसाने मागे वळून बघावं. आल्या आल्या तिने सगळ्यांशी हात मिळवले, वास कसला येतोय म्हणून विचारलं, आणि गोचीडला दाढीमिशा लावून, फाटक्या कोटात बसलेला बघून थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, बाबा इतके मळके नसायचे हो. पण असू दे, बर्फात कोण अंघोळ करतंय.

दिवे लागेपर्यंत दोघं चहा घेत बसली आणि बाई बोलत राहिल्या. मोहिमेहून बाबा परत आले तेव्हा त्या फार लहान होत्या. बाबांवर कोणी उघड आळ घेतला नाही. चौकशी झाली, साहेबांनी त्यांना सोडून दिलं. पण लोकांच्या जिभेला हाड नसतं. बाबा पूर्वी मोठ्या घरांत, मेजवान्यांत रांधायला जायचे, ते बोलावणं बंद झालं. कोणी शिव्या दिल्या नाहीत, दार लावलं नाही. नुसतं त्यांच्या हातचं खाईनासे झाले. शेजारी दिलेली वाटी रिकामी होऊन परत यायची, पण तिच्यातलं मांजराला घातलेलं असायचं. बाबा मग गोदीवर ओझी उचलायला लागले.

"घरी मात्र तेच रांधायचे," बाई म्हणाल्या. "आणि मला वाढायच्या आधी माझ्यासमोर बसून एक घास स्वतः खायचे. गिळायचे. तोंड उघडून दाखवायचे. थोडा वेळ थांबायचे आणि मग माझ्या ताटात वाढायचे. रोज. मला वाटायचं, सगळ्यांचे वडील असंच करतात. मी लग्न होऊन गेले, तिथे सासऱ्यांनी आधी जेवायला घेतलं, तेव्हा मी ते माझ्यासाठी थांबतील म्हणून बसून राहिले होते."

हे सांगताना त्या हसत होत्या. गोचीडला हसू आलं नाही. हातातला चहा त्याने खाली ठेवला.

पण नट म्हणजे मांजराची जात. दूध दिसलं की राहवत नाही. दिवे लागले, कप्तान झालेला तरुण नट तंबूत कण्हत पडला, आणि गोचीड ताज्या पेजेची वाटी घेऊन त्याच्यापाशी बसला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने पहिला घास स्वतः घेतला. गिळला. हळूच तोंड उघडून कप्तानाला दाखवलं. थांबला. मग दुसरा घास पुढे केला. हा प्रसंग त्याने असा केला की फडकी बांधलेले दिवेवालेसुद्धा हलले नाहीत. आयुष्यात त्याने भला माणूस कधी केलाच नव्हता, आणि तो आपल्याला इतका जमतो हे बघून त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. प्रसंग संपल्यावर त्या पुढे आल्या, त्याचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. एरवी परक्याचा हात लागला की गोचीड साबण शोधायचा. त्या दिवशी त्याला साबण आठवला नाही. दिग्दर्शकाने मऊ आवाजात विचारलं, बाई, कसं वाटतंय? बाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या बाबांना न्याय मिळाला. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांना ओळखलं." आणि घरी जाताना सगळ्यांना आशीर्वाद देऊन गेल्या.

त्यांची गाडी वळली तशी दिग्दर्शकाने टाळी वाजवली. तंबूवर रोखलेला कॅमेरा बंद होता, हे खरं होतं. पण दुसरा एक कॅमेरा खोक्यांच्या मागून बाईंच्या तोंडावर रोखलेला होता आणि तो सुरू होता. ते रडणं, ते 'न्याय मिळाला', सगळं त्यात आलं होतं. उद्या कोणी विचारलंच की गरीब स्वयंपाक्याची बदनामी का केलीत, तर दाखवायला त्याची मुलगीच होती.

गोचीडने विचारलं, हे तुला आधीपासून सुचलं होतं का? दिग्दर्शक म्हणाला, काका, ते सोडा, तुम्ही आज काय केलंत ते तुम्हाला कळलंय का? तो चव घ्यायचा प्रकार! तो सिनेमात पाहिजेच. स्वयंपाकी रोज कप्तानासमोर आधी स्वतः घास घेतो. भरवसा बसवतो. तोंड उघडून दाखवतो. आणि एक दिवस घास घेऊन झाल्यावर, पळी परत जाताना, विष. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

त्याच्या डोळ्यांत खरोखरचा आनंद होता. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं गोचीडने पडद्यावर पुष्कळ केली होती. खाताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ दिसत असेल, असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

तो शीतगृहाच्या मागे गेला आणि भिंतीला हात टेकून ओकला. हात भिंतीला लागला, भिंत ओशट होती, तरी तो तिला धरून उभा राहिला. आतली मंडळी म्हणाली, बरोबर आहे, त्या पातेल्यापुढे कोणाचंही हेच होईल. आणि त्या दिवशी पातेलं एकदाचं फेकून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तो प्रसंग करायला साफ नकार दिला. दिग्दर्शक रागावला नाही, नुसता खांद्यावर हात ठेवून समजूत घालत राहिला. म्हणाला, मेली ती माणसं सगळी. गोचीड म्हणाला, ती बाई मेलेली नाही. दिग्दर्शक म्हणाला, तिने तर आशीर्वाद दिलाय. तिसऱ्या दिवशी गोचीडच्या बांध्याच्या एका माणसाला फाटका कोट घातला, त्याचे हात, पाठ आणि घास गिळणारा गळा टिपला, आणि मध्ये गोचीडचा जुना, पळी चाटणारा चेहरा जोडला. त्याने आवाज द्यायलाही नकार दिला, तर दुसऱ्याचा आवाज लावला. त्याच्या तोंडातून परक्याचा आवाज निघाला आणि कोणाला फरकही कळला नाही.

घरी तो पुन्हा पुन्हा हात धुवायला उठायचा. बायकोने काही दिवस बघितलं. मग एकदा तिने नळच बंद केला आणि विचारलं, झालंय काय? त्याने सगळं सांगितलं. थुंकण्याचंही.

"लोकांना उष्ट्याची किळस येते म्हणून तुम्हाला ते सुचलं," बायको म्हणाली. "आणि तुम्हाला आता कसली किळस येतेय?"

त्याचा हात पुन्हा नळाकडे गेला.

"त्या बाईंना हे थिएटरात कळू देऊ नका," ती म्हणाली. "स्वतः जाऊन सांगा. हात काय, नंतर धुता येतील."

म्हणून तो समुद्राकडच्या त्या गावी गेला. बाई तलावाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. शिकवणं सुटलं होतं, पण त्या रोज येऊन बसायच्या आणि पाण्यातल्या पोरांवर ओरडायच्या. त्याला बघून त्यांना इतका आनंद झाला की गोचीडला वाटलं, इथूनच मागे फिरावं. पोरं पाण्यात गुळण्या टाकत होती, नाकं शिंकरत होती. क्लोरीनच्या वासाखाली ओल्या फरशीचा शेवाळी वास येत होता. त्याने बूट न काढता कडेलाच उकिडवं बसून सांगायला सुरुवात केली. दुय्यम अधिकारी, डॉक्टर, नकाशेवाला. मग त्यांचे बाबा. बंद कॅमेरा. सुरू कॅमेरा. काहीही पदरचं घातलं नाही आणि काही गाळलंही नाही.

बाई पाण्याकडे बघत ऐकत होत्या. मध्येच एका पोराला त्यांनी, पाय ताठ ठेव, असं ओरडून सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "थुंकायचं कोणाला सुचलं?"

"मला."

"आणि आधी घास घ्यायचं?"

"ते तुम्ही सांगितलं होतंत."

"म्हणजे बाबांच्या विरुद्धची साक्ष मी दिली," बाई म्हणाल्या.

त्यावर गोचीड म्हणाला, तसं नाही. पण ते तसंच होतं आणि दोघांनाही ते दिसत होतं. बाई उठल्या, आत गेल्या, पोहायचे कपडे घालून आल्या आणि पाण्यात उतरल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या पोहत राहिल्या. पोरं बाजूला झाली. गोचीड तसाच बसून राहिला. त्यांनी आपल्याला शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी डोकं पुसलं आणि एवढंच म्हणाल्या की पहिल्या खेळाला मानाची पाहुणी म्हणून मला बोलावलंय आणि मी जाणार आहे.

त्या गेल्या. पुढच्या रांगेत, दिग्दर्शकाच्या शेजारी. गोचीड मागे दाराशी उभा होता. सिनेमा संध्याकाळी सुरू झाला, आणि पळी चाटण्याचा प्रसंग आला तेव्हा भरलेलं थिएटर एका तोंडाने 'शी' म्हणालं. त्या एका शब्दासाठी गोचीड आयुष्यभर राबला होता. आता तो अंगावर ओकारी पडावी तसा त्याच्या अंगावर पडला. पाठोपाठ लोक हसले, खूश होऊन हसले, आणि शेंगदाण्याच्या पुड्या पुन्हा वाजायला लागल्या. चव घ्यायच्या प्रसंगाला मागून कोणीतरी कुजबुजलं, काय पण नीच माणूस! पुढच्या रांगेतलं ते बारीक केसांचं डोकं जागचं हललं नाही.

शेवटी दिवे लागले, दिग्दर्शकाने बाईंना मंचावर नेलं, हातात फुलं दिली आणि माइक पुढे केला. बाईंना माइकची गरज नव्हती.

"हा सिनेमा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांनी कोणाला मारलं नाही. मारलं असं कोणी सिद्धही केलं नाही. बाकीच्यांची माणसं मोठी होती म्हणून ह्यांनी बाबांना धरलं. मला बोलावून एक प्रसंग दाखवला, तो ह्यात कुठेच नाही. तेव्हा कॅमेरा बंद होता. मी रडले ते मात्र चोरून टिपलं. स्वयंपाकी झालेल्या नटाने मला हे स्वतः सांगितलंय. तो तिथे मागे उभा आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. गोचीड म्हणाला, खरं आहे. त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोहोचला की नाही, कोणास ठाऊक.

मग दिग्दर्शक पुढे आला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने बाईंच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि कापऱ्या आवाजात म्हणाला की एका मुलीचं बापावरचं प्रेम ते हेच, आणि आपल्या सिनेमाने आज इतक्या वर्षांची जखम बोलती केली, ह्याहून मोठा सन्मान नाही. आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. लोक उभे राहिले. बाई काहीतरी बोलत होत्या, पण टाळ्यांत ऐकू येत नव्हतं. त्यांचा तो तलावाच्या दोन्ही टोकांना पुरणारा आवाज पहिल्यांदाच कमी पडला. दाराशी एक माणूस बायकोला सांगत होता, हे सगळं ठरवून केलेलं असतं, जाहिरातीसाठी.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत तेच. स्वयंपाकी दोषी की निर्दोष? वाचकांची मतं मागवली. बाईंचा रडतानाचा चेहरा आणि मंचावरचा चिडलेला चेहरा शेजारी शेजारी छापला. आता सिनेमा पडेल असं वाटत होतं, तो तुफान चालला. शाळांतल्या पोरांना रांगेने नेऊन दाखवला. गोचीडने एका बातमीदाराला बोलावून सगळं नीट सांगितलं, तर छापून आलं की भूमिकेत इतका शिरलेला नट आजवर झाला नाही, बिचारा अजून बाहेर येऊ शकत नाही. तो रस्त्याने चालला की लोक लांबून हसत ओरडायचे, काका, आमच्या जेवणात नाही ना थुंकलात? आणि सोबत फोटो काढून घ्यायला यायचे. गळ्यात पडायचे, घामट गाल त्याच्या गालाला लावायचे. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं झालं. तो जितकं खरं सांगे, तितकी तिकिटं खपत.

समुद्राकडच्या गावात सिनेमा उशिरा लागला. तिथे पहिल्या दिवसापासून बाई दुपारच्या खेळाला थिएटरच्या फाटकाशी उभ्या राहायला लागल्या. लोक बाहेर येत, आणि बाई त्यांना थांबवून सांगत. हातात फलक नाही, घोषणा नाही. ज्यांना त्यांनी पोहायला शिकवलं होतं ते मान खाली घालून ऐकून घेत. बाकीचे आपापल्या गाड्या शोधत. गोचीडला बायकोकडून हे कळलं. तिने कुठेतरी वाचलं होतं. ती म्हणाली, बघताय काय, जा. तो गेला आणि बाईंच्या शेजारी उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. थोडी जागा मात्र करून दिली.

तो दिसल्यावर गर्दी जमली. त्याच्यासाठी थांबलेल्यांना बाई बाबांची गोष्ट सांगायच्या. त्याने फोटोला नकार दिला की लोक हिरमुसायचे आणि ऐकेनासे व्हायचे. म्हणून मग त्याने नकार देणं सोडलं. आधी ऐका, मग फोटो, असं तो म्हणायचा. ते घामट गाल, तो शेंगदाण्यांचा, पानाचा, कुजक्या दातांचा वास तो श्वास रोखून सोसायचा. असे किती दिवस दोघं तिथे उभी होती, ते त्यांनी मोजलं नाही. कोणी ऐकून, खरंच का, असं म्हणायचं. कोणी बाईंच्या हातावर नाणं ठेवायचं, ते त्या परत करायच्या. एका आईने पोराचे कान झाकले.

शेवटच्या आठवड्यात एक माणूस मात्र पुरतं ऐकत उभा राहिला. चांगला शिकलेला, चष्मेवाला. मध्ये मध्ये मान डोलवत होता. बाईंनी रिकाम्या वाट्यांचं सांगितलं, गोदीचं सांगितलं, तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला. गोचीडला वाटलं, चला, एक तरी. बोलणं संपल्यावर त्या माणसाने जरा पुढे वाकून विचारलं,

"मग कप्तानाला मारलं कोणी?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कोणालाच माहीत नाही. कदाचित कोणीच मारलं नसेल."

"नुसताच मेला?"

"माणसं मरतात नुसती."

त्या माणसाने आणखी काही मिळतंय का बघितलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवत, आपल्याला कोणीतरी फसवलं अशा तोंडाने म्हणाला, "मग ह्यात बघण्यासारखं काय राहिलं?" आणि गोचीडकडे वळून, फोटो राहू दे म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

गोचीडच्या घशाशी आंबट आलं. त्याने ते गिळलं. फाटकातून पुढची माणसं बाहेर यायला लागली होती, हसत, तोंडं पुसत, आणि बाईंनी घसा खाकरला.